थांबा मिस्त्री आणि उजवीकडचं बटण

बिघडलेली वस्तू समोर आली की माणसाचा हात आपोआप तिच्याकडे जातो. माझा तर जातोच. थांबा मिस्त्रींचा जात नसे. रेडिओ आणा, टेप आणा, इस्त्री आणा, वस्तू टेबलावर ठेवली की हा माणूस आपले दोन्ही हात मांडीवर ठेवायचा आणि मुलगी पाहायला आलेल्या पाहुण्यासारखा तिच्याकडे नुसता बघत बसायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, "उघडा ना." मिस्त्री म्हणायचे, "थांबा." अख्ख्या वडनेरात त्यांचं खरं नाव फार तर चार जणांना ठाऊक असेल, त्यात मी नाही. सगळे त्यांना थांबा मिस्त्रीच म्हणत, आणि त्यांना त्याचा राग येत नसे. मला यायचा. त्यांच्या वाटणीचा सगळा राग मलाच येत होता की काय, असं आता वाटतं.

कारण मी कापसाच्या जिनातला फिटर. हिंगणघाटच्या एका जिनात तीस वर्षं काढली. कापसाच्या दिवसांत फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागलेली असते, आणि एक मशीन बंद पडली की मॅनेजर मानगुटीवर येऊन उभा राहतो. तिथं हात मांडीवर ठेवून बसणाऱ्याला दुसऱ्या दिवशी कुणी आत घेत नाही. पट्टा सरकला, चढव. बेअरिंग तापलं, तेल घाल. नाही ऐकलं, हातोडा घाल. मी शाळा तिसरीत सोडली, पण नुसत्या आवाजावरून कुठला बोल्ट ढिला झालाय ते फाटकातून सांगायचो. रिटायर होऊन वडनेरला घरी आलो तेव्हा जिनातली लांब नळीची तेलाची कुप्पी सोबत आणली. शिलाई मशीन, पंखा, दाराची बिजागरी, सगळ्यांवर माझ्याकडे तोच एक इलाज होता, आणि तो लागू पडायचा.

मिस्त्रींचं दुकान एसटी स्टँडच्या मागे, पत्र्याचं. पाटी नव्हती. आत तारेला रेडिओ टांगलेले, आणि प्रत्येकाच्या गळ्यात पुठ्ठ्याची चिठ्ठी. त्या चिठ्ठीवर मिस्त्री गिऱ्हाइकाचं बोलणं जसंच्या तसं लिहून ठेवत. किराणावाल्याच्या रेडिओवर लिहिलं होतं, 'बातम्या लागल्या की खोकते, गाण्यात खोकत नाही.' एका म्हाताऱ्या बाईच्या इस्त्रीवर, 'सुनेच्या हातात तापते, माझ्या हातात तापत नाही.' लोक चिठ्ठ्या वाचून हसत. मिस्त्री हसत नसत. ते म्हणायचे, "वस्तू काय करते तेवढं सांगजा. तिले काय झालं ते मले पाहू द्या."

एकदा शाळेतल्या मास्तरांचा टीव्ही रोज संध्याकाळी सातला आखडायला लागला. चित्र चारी बाजूंनी लहान व्हायचं आणि मग बंद. मिस्त्री दोन संध्याकाळी मास्तरांच्या घरी जाऊन बसले. चहा प्यायले, बातम्या पाहिल्या, टीव्हीला बोट लावलं नाही. तिसऱ्या संध्याकाळी चित्र आखडलं तसे उठले आणि मागच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीत जाऊन उभे राहिले. गिरणी सातला सुरू व्हायची आणि सगळा करंट तिकडे ओढला जायचा. परत येऊन म्हणाले, "मास्तर, टीव्हीले काई नाई झालं. सात वाजले की लोकाइचे गव्हाचे डबे येतात." सगळ्या गावानं वाहवा केली. मी म्हणालो, एवढ्यासाठी तीन संध्याकाळी? मी एका संध्याकाळी टीव्हीच्या पाठीवर थाप मारून काय ते पाहिलं असतं. मास्तर म्हणाले, म्हणूनच तुम्हाला बोलावलं नाही.

माझा आणि मिस्त्रींचा खरा संबंध आला तो माझ्या घरच्या दुखण्यातून. मी रिटायर झालो त्याच्या दुसऱ्या वर्षी, थंडीत, आमच्या मंडळींच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली. पाय तीन महिन्यांत परत आला. बोलणंही आलं, जरा जास्तच आलं. पण उजवा अंगठा आला नाही. भाकरी सून थापत होती, भांडी सून घासत होती, त्याचं हिला काही वाटत नव्हतं. एकच गोष्ट खात होती. हिच्या पोलक्यांना टिचबटणं असत. सकाळी सून येऊन ती लावून द्यायची, आणि तेवढा वेळ ही भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. सून गरीब, एका शब्दानं बोलायची नाही. पण ही मला म्हणाली, "बाकी काई नाई आलं तरी चालते. आपलं पोलकं आपल्या हातानं लावता आलं पाह्यजे. हे सुनेनं करावं काय?"

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं रबरी चेंडू दाबायला दिला होता. तो हिनं दोन दिवस दाबला आणि तिसऱ्या दिवशी मांजराला मारला. मग एके दिवशी कपाट आवरताना सुनेला तो गेम सापडला.

हा गेम माझ्या साळ्यानं नव्वद सालानंतर कधीतरी आखातातून आणला होता, मुलासाठी. राखाडी रंगाचा, अर्ध्या विटेएवढा, वर लहानसा पडदा. डावीकडे चौफुलीसारखं बटण, उजवीकडे दोन लाल गोल बटणं. पडद्यावर वरून विटा पडतात, त्या फिरवून रांगेत बसवायच्या, रांग भरली की ती गायब. मुलगा कॉलेजात असताना खेळायचा, पण त्याच्यापेक्षा त्याची आई बरी खेळायची. मुलगा नोकरीला लागला आणि गेम बारा वर्षं कपाटात पडला. आता हिनं तो हातात घेतला. वीट फिरवायचं बटण उजवीकडचं, म्हणजे नेमकं त्या अंगठ्याचं. पहिले आठ दिवस एकही वीट फिरली नाही. मग एखादी फिरायला लागली. होळीपर्यंत निम्म्या फिरत होत्या. ही खाटेवर बसून विटांना शिव्या द्यायची आणि दाबत राहायची. चेंडूनं जे केलं नाही ते शिव्यांनी केलं.

आणि मग विटा फिरायच्या बंद झाल्या.

मी म्हटलं, "जोर लाव."

"लावून राह्यली ना."

"नाही लावत तू. मन नाही लावत."

आठ दिवस मी तिला हेच ऐकवत होतो. जेवताना ऐकवलं, पाहुण्यांसमोर ऐकवलं. मला वाटलं अंगठा परत गेला. तिलाही तसंच वाटलं. नवव्या दिवशी तिनं गेम कपाटात ठेवून दिला आणि सुनेला म्हणाली, "आता तूच लावत जाय माय, रोजचं." ते ऐकून मी कपाट उघडलं आणि गेम स्वतः घेऊन बसलो. ज्या अंगठ्यानं मी तीस वर्षं नट पिळले, त्या अंगठ्यानं ते बटण दाबलं. वीट फिरली नाही. दहादा दाबलं. एकदा कशीबशी फिरली. म्हणजे दोष बटणात होता. आठ दिवस मी चांगल्या अंगठ्याला बोलत होतो.

मी तिला सांगितलं, बटण खराब आहे.

"म्हणजे माहा अंगठा बरा हाये?"

"मी कुठे म्हटलं खराब आहे म्हणून?"

तिनं कपाटाचं दार आपटलं.  मी सरळ कुप्पी काढली आणि त्या लाल बटणाच्या फटीत जिनातलं तेल सोडलं. एक थेंब, मग आणखी एक, मग राग आला म्हणून आणखी थोडं. आधी ते बटण दहात एकदा तरी ऐकत होतं. आता आत जाऊन बसलं ते बाहेरच येईना.

मग गेलो थांबा मिस्त्रींकडे. दुसरं कोण होतं?

त्यांनी गेम टेबलावर ठेवला, हात मांडीवर. मी बाकावर. बाकावर आणखी दोघे बसलेले. एक एसटी आली, लोक उतरले, एसटी गेली.

"काय करते?" त्यांनी विचारलं.

"काही करत नाही. म्हणून तर आणला."

"आधी काय करे?"

"विटा फिरवे."

"मंग बंद झालं ते एकदम, का हळूहळू?"

"तुम्ही मिस्त्री आहात का वकील?"

"थांबा," ते म्हणाले. मग गेम उचलून बटण नाकापाशी नेलं आणि वास घेतला. "फिटरभाऊ, याच्यात तेल घातलं काय?"

हो म्हणायला काय लागत होतं? पण बाकावरचे दोघं माझ्याकडे बघत होते, आणि मी त्या गावात मशिनी कळणारा माणूस होतो.

"नाही."

"थेंबभर?"

"नाही म्हटलं ना."

त्यांनी पुठ्ठ्याचा तुकडा घेतला, पेन्सिलीनं लिहिलं आणि गेमला बांधला. मी वाचलं. 'उजवं बटन आत जाऊन बसते. मालक म्हणतात तेल घातलं नाही.'

"हे कशाला लिहिलं?"

"जसं सांगता तसंच लिवतो मी."

गेमच्या पेचांना तीन पाकळ्यांची खाच होती. असा पेचकस ना वडनेरला, ना हिंगणघाटला. मी म्हटलं, ड्रिल मारून पेच उडवा. मिस्त्रींनी एक संपलेलं बॉलपेन घेतलं, त्याचं टोक मेणबत्तीवर मऊ केलं आणि पेचाच्या खाचेत दाबून धरलं. "थांबा," म्हणाले, या वेळी पेनालाच. गार झाल्यावर प्लास्टिकला त्या खाचेचा आकार आला होता, आणि त्या पेनानं पेच निमूट फिरला. मी असला पेचकस आयुष्यात पाहिला नव्हता. तसं मी त्यांना सांगितलं नाही.

आत बटणाखाली रबराची टोपी होती. टोपीच्या पोटात एक काळा ठिपका असतो, तो खालच्या हिरव्या पाटीला टेकला की करंट जातो आणि वीट फिरते. तो ठिपका झिजला होता, हे मूळचं दुखणं. उरलेला तेलानं सुटला होता आणि रबर फुगून लुळं पडलं होतं, हे माझं. मिस्त्रींनी स्पिरिटच्या बोळ्यानं सगळं पुसलं. बोळा पिवळा झाला. तो त्यांनी माझ्यासमोर टेबलावर ठेवला. मी एसटी येते का ते पाहत राहिलो.

"असं रबर आता कुठं भेटत नाई," ते म्हणाले. "हेच बरं करा लागते. पण खेळते कोन ते पाह्यल्याशिवाय मी लावत नाई."

"बटण इथं आहे आणि तुम्ही माणूस काय पाहता?"

"थांबा."

दुसऱ्या दिवशी आमच्या घरी आले. हिच्यासमोर स्टुलावर बसले, हात मांडीवर, आणि हिच्या अंगठ्याकडे पाहत राहिले. मला ते बघवेना. सून म्हणाली दूध संपलं, तर मीच भांडं घेऊन निघालो. जाताना ऐकलं, मिस्त्री विचारत होते, "वहिनी, या अंगठ्यानं तुमाले काय करा लागते?" परत आलो तेव्हा हिची शिवणाची डबी खाटेवर उघडी पडली होती आणि दोघं हसत होती. मला पाहून गप्प झाली.

तीन दिवसांनी गेम मिळाला. काळ्या ठिपक्याच्या जागी सिगरेटच्या पाकिटातली चांदी चिकटवली होती. बटण इतकं हलकं की फुंकर मारली तरी दबेल. हिनं दाबलं, वीट फिरली. पुन्हा दाबलं, पुन्हा फिरली. "फिरली वो! पाहा ना, फिरली!" मी म्हटलं, चला, एकदाचं काम झालं.

कुठलं व्हायला! पंधरा दिवसांनी मिस्त्रींचा निरोप, गेम आणून द्या. नेला. दोन दिवस ठेवून घेतला. परत आणला तर बटण आधीपेक्षा जड. ही दाबून दाबून घामाघूम. मी म्हटलं, "चांगला चालत होता, बिघडवला की नाही त्यानं?" ही म्हणाली, "असू द्या." पंधरा दिवसांत तिचा हात पुन्हा बसला, विटा फटाफट फिरायला लागल्या, की पुन्हा निरोप. पुन्हा नेला, पुन्हा दोन दिवस, पुन्हा आणखी जड. मी विचारायचो, अहो, एकदाच काय ते नीट का करत नाही? उत्तर ठरलेलं. एक शब्द. तो शब्द ऐकला की माझ्या कानात जिनाचा भोंगा वाजायचा.

तिसऱ्या वेळी दुकानात गेलो तो बाजाराचा दिवस. माणसं दारापर्यंत उभी. मिस्त्रींच्या टेबलावर आमचा गेम उघडा पडलेला, शेजारी एक जुनी निळी हवाई चप्पल, आणि मिस्त्री ब्लेडनं त्या चपलेची टाच पापडासारखी पातळ कापत होते. पुढ्यात एक चिंधी, तिला एक टिचबटण शिवलेलं. मधेच ब्लेड ठेवून ते टिचबटण अंगठ्यानं दाबत, मग गेमचं बटण दाबत, मग पुन्हा टिचबटण. माझं काम सोडून हा माणूस चपला कापत बसला होता. माझं डोकं फिरलं.

"काय मिस्त्री, शिंप्याचं दुकान काढलं का चपलांचं?"

लोक हसले.

"थांबा, फिटरभाऊ."

"किती थांबू? तीनदा आणला. दर वेळी आधीपेक्षा जड करून देता. येत नसेल तर येत नाही म्हणा. जिनात असता तर पहिल्याच दिवशी हाकललं असतं तुम्हाला."

आता कुणी हसलं नाही. मिस्त्रींनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. चष्म्याची काच जाड होती आणि त्यातूनही ते गेम डोळ्याशी नेऊनच पाहत, हे मी तेव्हा पाहिलं, पण मनावर घेतलं नाही. त्यांनी सावकाश पेच लावले, गेम माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "अजून एक बार आनजा. मंग नका आनू."

"आता मेलो तरी आणणार नाही," मी म्हणालो, आणि निघालो.

नाहीच नेला. निरोप आला, नेला नाही. दुसरा आला, नेला नाही. हिची गाडी तोवर बरीच पुढे आली होती. पोलक्याची खालची दोन टिचबटणं आता ही स्वतः लावायची, पण वरचं नवं होतं, घट्ट, ते लागायचं नाही. तेवढ्या एका बटणासाठी सुनेला हाक मारावी लागे आणि तेवढ्यासाठी पुन्हा भिंतीकडे तोंड. ही मला रोज म्हणायची, "नेऊन द्या ना मिस्त्रीभाऊइले." मी रोज नाही म्हणायचो. एका दुपारी तिनं माझ्यासमोर येऊन विचारलं, "तुमचं नाक मोठं हाये का माहा अंगठा?"  तरी गेलो नाही. असा मी आहे.

दिवाळीच्या आधी कळलं की मिस्त्री दुकान बंद करून पुलगावला मुलीकडे चाललेत. डोळे जात होते. जायच्या दिवशी ते आपणहून आमच्या घरी आले. हातात कापडी पिशवी. मी घरापुढच्या छपरीत बसलो होतो. त्यांना येताना पाहिलं आणि पेपर उघडून तोंडासमोर धरला.

"राम राम, फिटरभाऊ."

मी पान उलटलं.

ते आत गेले. "वहिनी" म्हणून हाक मारली. थोडा वेळ आतून पेच फिरल्याचा आवाज, मग विटा पडल्याचा. मग बाहेर आले आणि पायरीवर उभे राहिले.

"निघतो. गाडीचा टाइम झाला."

"बरं," मी पेपरामागून म्हणालो.

ते लगेच गेले नाहीत. पेपराखालून मला त्यांचे पाय दिसत होते. मी काही बोलतो का याची वाट पाहत ते पाय तिथं उभे होते, हे मला तेव्हाही कळत होतं. मी भाव वाचत होतो, कापसाचे. मग पाय वळले.

त्यानंतर वीसेक दिवसांनी, सकाळी, आतल्या खोलीतून आवाज आला. टिच. थोड्या वेळानं, टिच. मग बराच वेळ काहीच नाही. सून दाराशी हात रिकामे घेऊन उभी, आत जायचं की नाही अशा विचारात. मग तिसरं, टिच. ही बाहेर आली, पदर नीट केला, आणि जसं काही रोजचंच आहे असं म्हणाली, "चहा झाला काय वो?" सून रडायला लागली. मी म्हटलं, रडतेस काय, चहा ठेव. 

पुढे पाच-सहा वर्षं गेम चालला. गेल्या उन्हाळ्यात ते बटण पुन्हा रुसलं. मी म्हटलं, आता कुणाकडे न्यायचा? ही उठली आणि शिवणाच्या डबीतून ते टोक वितळलेलं बॉलपेन काढून माझ्यापुढे ठेवलं. "भाऊ देऊन गेलते. म्हणे, फिटरभाऊच्या हाती लवकर नका देऊ."

मी पेच काढले. चांदी काळी पडली होती, दोष तेवढाच. पण बटणाखाली, रबराच्या टोपीभोवती, मधे भोक पाडलेल्या चार चकत्या होत्या, कांद्याच्या पापुद्र्यासारख्या पातळ, एकीवर एक बसवलेल्या. निळ्या. हवाई चपलेच्या.

"हे काय आहे?"

"दर खेपेले एक," ती म्हणाली. "अंगठा जसा आला तसं बटन जड करे भाऊ. मी त्याइले टिचबटन देल्लं होतं मापाले, चिंधीवर शिवून. तितकं जड झालं की झालं, म्हणे. चौथी चकती तुमच्या नाकापायी रायली होती, ते जातानी लावून गेले."

"आणि मला सांगितलं का नाही?"

"तुमाले सांगतलं असतं तं तुमी चारही एकाच दिवशी लावल्या असत्या."

ते खोटं नव्हतं.  मग ती म्हणाली, "आन मी म्हटलं होतं भाऊइले, सांगून टाकू काय यायले? तं म्हणे, थांबा वहिनी. फिटरभाऊ तेलाचं सांगतीन, तव्हा आपण चकतीचं सांगू."

हिरव्या पाटीखाली काहीतरी पांढरं दिसत होतं. ओढून काढलं. घडी केलेला पुठ्ठा. 'उजवं बटन आत जाऊन बसते. मालक म्हणतात तेल घातलं नाही.' बाकी सगळ्यांच्या चिठ्ठ्या ते काम झालं की चुलीत घालत. ही त्यांनी आत ठेवून पेच लावले होते.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं निघालो. हिंगणघाट, वर्धा, तिथून रेल्वेनं पुलगाव. विचारत विचारत घर काढलं. मुलगी दारात आली. मी म्हटलं, वडनेरहून आलो, मिस्त्री आहेत का? ती म्हणाली, "बाबा तं गेले काका. दोन वर्षं झाले." शेवटी काहीच दिसत नव्हतं म्हणे. तरी कुणी रेडिओ आणला की मांडीवर घेऊन बसायचे आणि विचारायचे, काय करते?

मी उभाच होतो. तिनं विचारलं, "काई काम होतं काय?"

"तेल घातलं होतं," मी म्हणालो.

"तेल?"

"हो. मीच."

तिला वाटलं उन्हातून आलेत. तिनं मला आत बसवलं आणि पाणी दिलं.

घरी आलो तर ही जागेवरच होती, गेम तसाच उघडा, पुठ्ठा त्याच्या शेजारी. मिस्त्री गेले हे तिला माझ्या तोंडावरूनच कळलं. मी मुलाच्या टेबलावरची पेन्सिल घेतली. लिहायची सवय नाही, अक्षर मोठं येतं. मिस्त्रींच्या ओळीखाली लिहिलं, 'घातलं होतं.' तिनं पुठ्ठा ओढून घेतला आणि मोठ्यानं वाचला.

"एवढंच लिवायले इतके वर्षं लागले?"

पुठ्ठा तिनं परत दिला. तो घडी करून होता तिथं ठेवायचा होता. चांदी बदलायची होती, चार चकत्या होत्या तशाच बसवायच्या होत्या. कुप्पी खिडकीत होती, तिच्याकडे हात गेला नाही. गेम समोर होता आणि मी पाहत होतो की कुठली चकती कुठं आहे, कडा कशी बसली आहे, कुठून सुरुवात करावी. किती वेळ पाहत होतो कोण जाणे. माझे दोन्ही हात मांडीवर आहेत हे मला तिच्या आवाजानं कळलं.

"करता काय वो आता," ती म्हणाली, "का तुमी बी नुसते पाहूनच राह्यले?"